ॲबाचं सर्वोत्तम गाणं कोणतं? एकच निवडायचं!

मंद्रसप्तक

मंडळी, ॲबा या स्वीडिश पॉप गटाचा विषय निघाला की लगेच याद्या सुरू होतात आणि यादीत सगळीच गाणी मावतात. 'डान्सिंग क्वीन' आवडतं, 'फर्नांडो' आवडतं, 'मामा मिया' तर हवंच. अशाने वाद होत नाही, आणि वाद झाला नाही की गाण्यात नेमकं काय आहे ते कुणी उलगडून सांगत नाही. म्हणून इथे एक अट घालते आहे: गाणं एकच निवडायचं. ते बाकीच्यांहून वरचढ का, हे चालीवर, शब्दांवर, आवाजावर बोट ठेवून सांगायचं. 'माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं आहे' हे कारण धरलं जाणार नाही, कारण त्यावर दुसऱ्याला बोलायला जागाच उरत नाही.

सुरुवात मीच करते. माझी निवड 'द डे बिफोर यू केम', १९८२.

हे गाणं पुष्कळांनी ऐकलेलंच नसतं. बहुतेकांची ॲबाशी ओळख 'ॲबा गोल्ड'पासून होते आणि १९९२च्या त्या संग्रहातल्या १९ गाण्यांत याला जागा मिळाली नाही. निघालं तेव्हाही ते फारसं चाललं नाही. ज्या ब्रिटनमध्ये या चौघांची (गायिका अग्नेथा आणि फ्रिडा, गाणी रचणारे बेनी आणि ब्यॉर्न) नऊ गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, तिथे हे ३२व्या क्रमांकावर अडलं. तरी इतक्या वर्षांत ते जे जे शिकले होते ते सगळं या जेमतेम सहा मिनिटांत एकवटलं आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

एक बाई आपल्या आयुष्यातला एक दिवस सांगते. आठच्या सुमाराला घरातून निघाले असेन, गाडी पकडली असेल, पेपर वाचला असेल, ऑफिसात कागद उरकले असतील, पाचला निघाले असेन, येताना खायला काहीतरी घेतलं असेल, टीव्ही पाहिला असेल, झोपले असेन. एवढंच. तिला तो दिवस खरं तर आठवत नाही. इतर दिवसांसारखाच होता, म्हणून ती तो अंदाजाने जुळवते आहे. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी आलं. कोण आलं, पुढे काय झालं, भलं की बुरं, याबद्दल एक अक्षर नाही.

चालही तशीच. ध्रुवपद नाही. ॲबा ऐकताना कानाला ध्रुवपदाची सवय झालेली असते. कडवं संपत आलं की आता उसळी येणार असं वाटतं, आणि येते ती फक्त शीर्षकाची ओळ. मग पुन्हा तोच दिवस, पुढचे तास. बेनीचे सिंथेसायझर मागे एका लयीत चालत राहतात. अग्नेथाने आवाजातली चमक बाजूला काढून ठेवली आहे आणि ती एखादी साधी बाई बोलेल तशी गायली आहे. तिच्या मागून फ्रिडाचा आवाज उंच चढतो, ऑपेराच्या धाटणीचा, शब्दांवाचून. त्या बाईला जे म्हणता येत नाही ते फ्रिडा म्हणते आहे.

आता तुम्ही बोला.

रानजाई

'डान्सिंग क्वीन'. सगळ्यांना माहीत आहे म्हणून ते सोपं उत्तर आहे, असं कुणी समजू नये.

सुरुवातच घ्या. पियानोच्या पट्ट्यांवरून बोटं सरसरत जातात आणि गाणं थेट ध्रुवपदाच्या उत्तरार्धात उघडतं. आधी कडवं नाही, तयारी नाही. आपण पोचायच्या आधीच नाच रंगात आलेला असतो आणि आपण त्यात ओढले जातो. ठेक्यासाठी त्यांनी जॉर्ज मॅक्रेच्या 'रॉक युअर बेबी' या डिस्को गाण्याकडे पाहिलं होतं, पण डिस्कोच्या मानाने गाण्याची लय सावकाशच आहे. त्या सावकाशपणामुळे प्रत्येक ओळीला तरंगायला वेळ मिळतो.

दुसरं म्हणजे गाणारी ती नाचणारी नाही. एका सतरा वर्षांच्या मुलीकडे कुणीतरी बघतं आहे आणि तिला सांगतं आहे की हा क्षण तुझा आहे. जो बघतो आहे त्याचा तो क्षण होऊन गेला आहे. हे शब्दांत कुठेही म्हटलेलं नाही, तरी ऐकताना आनंदाच्या पोटात हुरहुर लागते. गायन भरायच्या आधीचं नुसतं वाद्यांचं मुद्रण बेनीने घरी आणून ऐकवलं तेव्हाच फ्रिडाला रडू आलं होतं, असं तिने सांगितलेलं आहे. शब्द नव्हते तेव्हाही चालीत ते होतंच!

आणि तिसरं, दोघींचे आवाज. जवळजवळ सगळं गाणं अग्नेथा आणि फ्रिडा मिळून गातात. एक पातळ आणि धारदार, दुसरी खालच्या पट्टीत भरदार, आणि दोन्ही मिळून तिसराच एक आवाज तयार होतो. ॲबाचा आवाज म्हणजे तो. एकीचं एकटीचं गाणं कितीही थोर असलं तरी ते अर्धाच ॲबा आहे.

काळी_चार

दोघींचं वाचलं, पण माझं उत्तर 'एसओएस', १९७५.

'वॉटर्लू'ने ६ एप्रिल १९७४ला ब्रायटनमध्ये युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली, त्यानंतर ब्रिटनमध्ये यांची पुढची गाणी आपटली. एका गाण्याचे धनी म्हणून लोक विसरायच्या बेतात होते. 'एसओएस'ने त्यांना तिथे पुन्हा पहिल्या दहात आणलं, सहाव्या क्रमांकापर्यंत. पण माझं कारण ते नाही, माझं कारण पट्टीचं आहे.

कडवं डी मायनर या उदास छटेच्या पट्टीत आहे. पियानो आणि अग्नेथा, बाकी काही नाही, आणि तिच्या आवाजात जे आहे ते मी फार थोड्या पॉप गायिकांकडे ऐकलं आहे. मग ध्रुवपद एफ मेजर या उजळ पट्टीत जातं. या दोन पट्ट्यांचे स्वर एखादा सोडला तर तेच. आपल्याकडे मूर्च्छनेत षड्ज हलवला की त्याच स्वरांतून वेगळा राग डोकावतो, ते ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना इथे काय होतं ते लगेच कळेल. आसावरीच्या उदासीतून स्वर न बदलता बिलावलाचा उजेड पडतो. आणि गंमत बघा, शब्द मात्र त्या उजेडातच मदतीची हाक मारतात! कडव्यात ती दुःख सांगते तेव्हा चाल दुःखी आहे, ध्रुवपदात ती बुडते आहे तेव्हा चाल उजळते.

पुढे ॲबाने जे जे केलं त्याचं बीज या तीन-सव्वातीन मिनिटांत आहे. 'द हू' या रॉक गटाचा पीट टाउनशेंड या गाण्याचा उघड चाहता आहे, आणि मला त्यात जराही नवल वाटत नाही.

वाटसरू

'द विनर टेक्स इट ऑल'. इतकी चर्चा झाली आणि हे नाव अजून आलं कसं नाही?

१९८०चं गाणं. ब्यॉर्न आणि अग्नेथा वेगळे झालेले. ब्यॉर्नने रात्री बाटली जवळ ठेवून एका बैठकीत शब्द लिहिले आणि ते अग्नेथाने गायले. घटस्फोटाचं गाणं नवऱ्याने लिहायचं आणि हरलेली बाजू बायकोच्या तोंडी घालायची. आमच्या बाबतीत कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही, असं ब्यॉर्न पुढे सांगत आला आहे. ते खरं असेलही, पण गाण्यातली बाई हरलेली आहे, आणि अग्नेथा तिला एक क्षणही केविलवाणी होऊ देत नाही.

निळावंती

वाटसरू, तुम्ही जे लिहिलंत ते सगळं गाण्याच्या बाहेरचं आहे. बाटली, घटस्फोट, नवरा-बायको. मंद्रसप्तकने अट घातली आहे ना, सुरावर बोट ठेवायचं म्हणून? ज्याला यातलं काही माहीत नाही त्याच्यापुढे हे गाणं ठेवलं तर काय उरतं, ते सांगा.

आणि तुम्हा सगळ्यांना एक विचारते. तीन जणांनी तीन गाणी अग्नेथाची काढली आणि रानजाईने दोघींचं. फ्रिडा कुठे आहे?

माझी निवड 'नोइंग मी, नोइंग यू'. 'अरायव्हल' या अल्बममधलं, १९७६चं, आणि ब्रिटनमध्ये १९७७ साली पहिल्या क्रमांकावर गेलेलं. लहान असल्यापासून नाचाच्या वाद्यवृंदांत जाझ गात आलेली बाई आहे ही. तिला शब्द कुठे सोडायचा आणि कुठे दाबायचा ते अग्नेथापेक्षा जास्त कळतं, असं मी बेधडक म्हणते. गाणं रिकाम्या घराचं आहे. जिथे मुलं खेळत होती त्या खोल्या आता ओस पडल्या आहेत. फ्रिडा हे रडून सांगत नाही. सामान आवरून झालेलं आहे आणि आता निघायचं आहे, अशा आवाजात सांगते. ध्रुवपदात मागून कुजबुज येते, गिटारची दुहेरी ओळ येते, आणि ती मात्र आपल्या जागेवरून हलत नाही.

हे गाणं झालं तेव्हा दोन्ही जोडपी, ब्यॉर्न-अग्नेथा आणि बेनी-फ्रिडा, एकत्र होती, हेही लक्षात घ्या. म्हणजे स्वतःच्या आयुष्यातलं काही उचललेलं नाही. पूर्ण कल्पनेतून उभं केलेलं दुःख आहे, आणि तरी ते 'विनर'पेक्षा खरं वाटतं.

वाटसरू

ठीक आहे, चरित्र बाजूला ठेवून सांगतो.

'विनर'मध्ये मुळात दोनच चाली आहेत, आलटून पालटून येणाऱ्या. तिसरी नाही, मधला वेगळा तुकडा नाही. पियानोची एक ओळ पायऱ्या उतरल्यासारखी खाली येते आणि ती पुन्हा पुन्हा येत राहते. इतक्या कमी सामग्रीवर पाच मिनिटं ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं तर सगळा भार गाणारीवर येतो. अग्नेथा प्रत्येक कडवं वेगळ्या माणसासारखी गाते. पहिल्यात ती संयमी आहे, झालं ते झालं. पुढे नव्या बाईबद्दल विचारते तेव्हा तोल जायला लागतो. मग निवाडा दुसरेच करणार असं म्हणताना आवाज कडक होतो. आणि शेवटच्या कडव्यात सगळी वाद्यं मागे सरतात. तू हात मिळवायला आला आहेस, मी अवघडलेली दिसते, माफ कर, असं ती जवळजवळ बोलते. त्यानंतर जे ध्रुवपद उसळतं त्याच्याइतकी उंची ॲबाने दुसऱ्या कुठल्याही गाण्यात गाठलेली नाही.

ज्याला त्यांच्या लग्नाबद्दल काही ठाऊक नाही त्यालाही हे ऐकू येतं. निळावंती, तुमच्या प्रश्नाचं हे माझं उत्तर.

शुभ्रा_क

मी तज्ज्ञ नाही, पण 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स' कुणी घेत नाही म्हणून मी घेते. मुलगी दप्तर घेऊन सकाळी शाळेत निघते, आई बघत राहते. शब्द बापाचे, ब्यॉर्नचे, त्यांच्याच मुलीवरून सुचलेले, आणि गायलेत आईने. चाल इतकी हळुवार आहे की हा विषय भाबडा व्हायला वेळ लागला नसता. झाला नाही, कारण आई आपली अपराधी भावना साधेपणाने कबूल करते आणि मुलीला दोष देत नाही. वेळ निसटतो, तेवढंच.

अनाहत

शुभ्रा_क, अनुमोदन. पण मग त्याच १९८१च्या अल्बमचं शीर्षकगीत का सोडायचं? 'द व्हिजिटर्स'. दारावर घंटा वाजते, आत एक माणूस भेदरून बसला आहे, जुन्या मित्रांच्या गुप्त बैठका आठवतो आहे, आणि आता ते त्याला न्यायला आले आहेत. सोव्हिएत राजवटीतल्या विरोधकांबद्दलचं हे गाणं आहे, हे ब्यॉर्नने नंतर उघडपणे सांगितलं. सुरुवातीचा तो लांबवर ताणलेला सिंथेसायझरचा सूर, त्यावर फ्रिडाचा जणू भिंतीपलीकडून येणारा आवाज, आणि मग अचानक ठेका धावायला लागतो, भीतीच पळत सुटते! 'वॉटर्लू' गाणारा गट सात वर्षांत इथवर येतो, हा प्रवास किती पॉप गटांनी केला आहे? निळावंती, तुम्हाला फ्रिडा हवी होती ना? ही घ्या.

तबकडी

आतापर्यंत सगळे चाल, शब्द आणि गायन यावर बोलले. ज्या माणसाने हा आवाज घडवला त्याचं नाव एकदाही आलं नाही, म्हणून लिहितो. मायकेल ट्रेटो, त्यांचा ध्वनिमुद्रक.

फिल स्पेक्टर हा अमेरिकन निर्माता एका खोलीत ढीगभर वादक बसवून जो भरीव आवाज काढायचा, तो ट्रेटोला हवा होता. तेवढे वादक मिळणार नव्हते. मग त्याने तेच वादन दुसऱ्यांदा मुद्रित करताना टेपचा वेग किंचित बदलला. स्वर केसभर इकडेतिकडे सरकतो आणि दोन मुद्रणं एकमेकांवर ठेवली की आवाज जाड होतो, झळाळतो. 'रिंग रिंग'पासून, म्हणजे १९७३पासून, ही युक्ती आहे. दोघींच्या आवाजांचंही थरावर थर चढवणं आलंच. रानजाईने जो तिसरा आवाज म्हटला तो गळ्यातून आलेला आहे तसा टेपमधूनही आलेला आहे. १९७८मध्ये स्टॉकहोममध्ये त्यांचा स्वतःचा पोलार स्टुडिओ सुरू झाला, एका जुन्या चित्रपटगृहात. लेड झेपेलिनसारखा बडा रॉक गट त्याच वर्षी तिथे मुद्रणाला येऊन गेला, यावरून त्या जागेची पत कळते.

म्हणून माझी निवड 'ले ऑल युअर लव्ह ऑन मी', १९८०. कडव्याच्या शेवटी अग्नेथाचा आवाज एका यंत्रातून खाली कोसळतो, पायाखालची फळी निसटावी तसा, आणि त्या खड्ड्यातून ध्रुवपद वर येतं. ते ध्रुवपद चर्चमध्ये सगळ्यांनी उभं राहून गायच्या प्रार्थनेसारखं बांधलेलं आहे. खाली नाचाचा ठेका, वर प्रार्थना, आणि शब्द मत्सराने जळणाऱ्या बाईचे. या तीन गोष्टी एकत्र नांदतील असं कागदावर कुणालाही पटलं नसतं. हेडफोन लावून ऐका.

काळी_चार

तबकडी, ट्रेटोबद्दल लिहिलंत ते फार आवश्यक होतं. त्यांच्यामागचे वादकही घेऊ या. रुटगर गुन्नारसनचा बास नुसता ऐकत राहावा असा आहे. 'द नेम ऑफ द गेम'ची सुरुवात ज्याने नीट ऐकली आहे तो यावर वाद घालणार नाही.

पण एक मुद्दा मांडतो. तुमचं, अनाहतचं आणि मंद्रसप्तकचं गाणं, तिन्ही १९८०पासून पुढची. मला असं दिसतं की जाणकार ऐकणारे हमखास शेवटच्या वर्षांकडे जातात, कारण तिथे उदासी उघड आहे आणि उघड उदासीला आपण खोली समजतो. माझा आक्षेप त्याला आहे. २०१०मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा बेनीने आपल्या भाषणात उत्तरेच्या उदासीबद्दल सांगितलं होतं. महिनोन्महिने बर्फ आणि काळोख असलेल्या देशातल्या संगीतात ती उतरणारच, असं. बेनीचे वडील आणि आजोबा अकॉर्डियन वाजवायचे, त्याने स्वतः लहानपणी तेच हातात घेतलं. ती लोकसंगीताची उदासी सुरुवातीपासून आहे, 'फर्नांडो'मध्ये आहे, 'एसओएस'मध्ये आहे. शेवटी शेवटी फक्त तिच्यावरचं पांघरूण निघालं. पांघरुणासकट ती जास्त बोलते, असं मला वाटतं.

मंद्रसप्तक

काळी_चार, शेवटच्या परिच्छेदाला माझा सरळ विरोध आहे.

'एसओएस'मध्ये काय होतं? दुःख सांगितलं जातं आणि मग ध्रुवपद येऊन ऐकणाऱ्याची सुटका करतं. तुम्ही ज्याला उजेड म्हणता ती सुटका आहे. फार सुंदर सुटका आहे, मी नाकारत नाही. पण 'द डे बिफोर यू केम' ती सुटका देत नाही. उदासी उघड आहे असं तुम्ही म्हणता, पण त्या गाण्यात ती बाई एका ओळीत एवढंच म्हणते की आपण उदास आहोत हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. बाकी तिच्या मते सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. कागद, गाडी, जेवण, झोप. तुमच्या पांघरुणाचा निकष लावला तर सगळ्यात जाड पांघरूण याच गाण्यावर आहे!

'विनर'बद्दलही तेच. वाटसरूंनी शेवटच्या कडव्याचं जे वर्णन केलं ते वाचून मी गाणं पुन्हा लावलं, आणि ते कडवं खरोखर तसंच आहे. माझी हरकत एवढीच की 'विनर'मधली बाई सगळं सांगून टाकते. पत्ते, निवाडा, देव, फासे, जिंकणारा, हरणारा. रूपकांवर रूपकं. ब्यॉर्नने दोन वर्षांनी रूपकं टाकून दिली आणि नुसतं वेळापत्रक लिहिलं. लिहिणारा म्हणून ती त्याची झेप आहे.

अनाहत

ब्यॉर्नच्या शब्दांवर थोडं. सुरुवातीच्या गाण्यांत त्यांचा व्यवस्थापक स्टिग अँडरसनचा हात असायचा, आणि त्याला पकडणारं शीर्षक नेमकं सुचायचं. प्रेमात पडण्याची तुलना नेपोलियनच्या पराभवाशी करायची हे त्याचंच डोकं. पुढे शब्दांचा भार ब्यॉर्नवर आला. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती, म्हणून शब्द बाळबोध आहेत असं काही जण म्हणतात. मला तर तीच ताकद वाटते. घर, दार, खोली, हात, गाडी. यांच्याबाहेर तो फारसा जातच नाही, आणि जगात कुठेही, जेमतेम इंग्रजी येणाऱ्याला ते पोचतं.

दूरचा_दिवा

'ईगल'. कुणी नाव घेतलं नाही म्हणून. १९७७, जवळजवळ सहा मिनिटं, आणि दोघी मिळून गातात ते डोंगरांवरून जाणारं ध्रुवपद. रानजाई, तुमचा तिसरा आवाज सगळ्यात मोकळा इथे आहे.

निळावंती

अनाहत, 'द व्हिजिटर्स'मधली फ्रिडा मला मान्य आहे, पूर्ण मान्य. तरी त्याच अल्बममधलं 'व्हेन ऑल इज सेड अँड डन' मी त्याच्यावर ठेवीन. बेनी आणि फ्रिडा वेगळे होत होते तेव्हाचं. वाटसरू, 'विनर'ची जोडी म्हणून हे ऐकून बघा. इथे कुणी हरलेलं नाही. दोन प्रौढ माणसं शांतपणे, ताठ मानेने निरोप घेतात, आणि ठेका चक्क पुढे चालत राहतो. घटस्फोटावर इतकं समजूतदार पॉप गाणं मला दुसरं ठाऊक नाही. माझी मुख्य निवड बदलत नाही, पण हे नोंदवून ठेवते.

शुभ्रा_क

'व्हॉयेज'बद्दल कुणीच काही म्हणत नाही? २०२१चा अल्बम, 'द व्हिजिटर्स'नंतर चाळीस वर्षांनी आलेला.

वाटसरू

'डोंट शट मी डाउन' उत्तम आहे. अग्नेथाचा आवाज खाली आला आहे आणि तो तिने लपवलेला नाही, त्याच आवाजाने ती दारात उभी राहते. 'आय स्टिल हॅव फेथ इन यू'मधली फ्रिडाही तशीच. सत्तरी ओलांडलेल्या दोघी स्वतःच्या वयाच्या बायका म्हणून गातात, यासाठी मला त्यांचा फार आदर वाटतो. सर्वोत्तमाच्या शर्यतीत मात्र मी ती धरणार नाही.

तबकडी

सहमत. त्याच अल्बममधलं 'जस्ट अ नोशन' हे तर १९७८मध्ये गायलेल्या आवाजांवर नवी वाद्यं चढवून केलेलं आहे. ते लावलं की दोन्ही काळांतला फरक लख्ख ऐकू येतो.

रानजाई

मंद्रसप्तक, तुमचा सुटकेचा मुद्दा वाचला आणि त्यावर उत्तर द्यायचं राहिलं होतं.

तुम्ही सुटका हा दोष धरता आहात. पॉप गाण्याचं ते कामच आहे, आणि ते फार अवघड काम आहे. १८ जून १९७६ला, स्वीडनच्या राजाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, ऑपेरातल्या कार्यक्रमात हे चौघं जुन्या दरबारी पोशाखात उभे राहून 'डान्सिंग क्वीन' गायले. ते तेव्हा बाजारात आलेलंही नव्हतं. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तिथे त्यांचं दुसरं कुठलंही गाणं तिथवर पोचलं नाही. 'ॲबा गोल्ड' २०२१मध्ये ब्रिटनच्या यादीत १००० आठवडे पूर्ण करणारा पहिला अल्बम ठरला, आणि त्याचं पहिलं गाणं हेच आहे. राजवाड्यातल्या माणसाला आणि रेडिओ लावून भांडी घासणाऱ्या माणसाला एकाच वेळी हलवायचं, हे ध्रुवपद टाळून जमत नाही.

आणि तुम्ही म्हणता ती न मिळणारी सुटका 'डान्सिंग क्वीन'मध्येही आहे. ते गाणं संपत नाही, आवाज हळूहळू लहान होत जातो, नाच तसाच चालू राहतो. ज्या मुलीबद्दल ते आहे तिच्या तोंडी एक ओळही नाही, तिला काय वाटतं ते आपल्याला कधीच कळत नाही. तुमच्या गाण्यात कोण आलं ते सांगितलेलं नाही म्हणून तुम्ही त्याला थोर म्हणता. माझ्या गाण्यात तर जिच्याबद्दल सगळं आहे तीच गप्प आहे, आणि तरी लाखो लोक त्यावर नाचतात.

मंद्रसप्तक

त्या मुलीबद्दलचा मुद्दा चांगला आहे, आणि माझ्या यादीत दुसरा क्रमांक आता 'डान्सिंग क्वीन'चा. 'एसओएस' तिसरा, काळी_चार यांनी रागावू नये. पहिला मात्र तोच. फ्रिडाचा तो शब्दांवाचूनचा आवाज ऐकल्यावर ज्याला वाटतं की त्या बाईचा दिवस खरंच सामान्य होता, त्याने इथे येऊन तसं लिहावं. मी त्याच्याशी वाद घालायला तयार आहे.

काळी_चार

रागावलो नाही, पण तिसरा क्रमांक मान्यही नाही. 'एसओएस'चं पहिलं कडवं आणि 'द डे बिफोर यू केम'चं पहिलं कडवं लागोपाठ लावून ऐका. दोन्हीकडे अग्नेथा एकटी सुरू करते, मध्ये सात वर्षं आहेत, आणि पहिल्यात ती जे करते आहे तेच दुसऱ्यात करते आहे. मग १९७५मध्ये जे जमलं होतं त्याला वर ठेवायचं की नाही, ते सांगा.